यादी कोण सांभाळतो?

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यातली जमीन हलली. शिरड शहापूरला त्या वेळी कुठे चुलीवर चहा होता, कुठे गोठ्यात धारा चालल्या होत्या. मांडणीवरची भांडी वाजली, पत्रे कडकडले आणि हातातले टाकून माणसे रस्त्यावर आली. ४.५ रिश्टर अशी नोंद झाली, केंद्र शेजारच्या कळमनुरी तालुक्यात निघाले. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहानंतर असेच दोन धक्के बसून गेले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांची कित्येक वर्षांची ओळख आहे.

रस्त्यावर जमलेल्या मंडळींत, आमच्या भागात अशा वेळी हमखास निघतो तो प्रश्न निघालाच. किल्लारीसारखे झाले असते तर? यावर एका तरुणाने हातातला मोबाइल वर करून सांगितले, "काका, ते दिवस गेले. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. कोण कुठं राहतो, घरात माणसं किती, आधार, बँक खातं. एक बटण दाबलं की यादी."

मी वाद घातला नाही. सगळ्यांचे कान अजून जमिनीकडे लागले होते. पण आयुष्याची चौतीस वर्षे बँकेत याद्या करण्यात, याद्या जुळवण्यात आणि जुळल्या नाहीत म्हणून रात्री उशिरा घरी जाण्यात घालवलेल्या माणसाला ते वाक्य सहजासहजी गिळता येत नाही. बटण दाबले की यादी निघते हे मला मान्य आहे. ती कोणी केली, कोणी तपासली, चुकली तर दुरुस्त कोण करणार, तिच्यात ज्याचे नाव नाही त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे, हे बटणाला ठाऊक नसते. ते कोणाला तरी ठाऊक असावे लागते, आणि तो माणूस कोण याची चौकशी आपण कधी करत नाही.

आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. ब्लँकेटे वाटताना, धान्याची पोती उतरवताना, तंबूत इंजेक्शन देताना. त्याच संस्थेच्या एखाद्या खोलीत जनरेटरच्या आवाजात बसून कुटुंबांची नोंद करणारा, एकच नाव दोनदा आले का ते पाहणारा, गोदामात आलेला आणि गेलेला माल जुळवणारा, रात्री सगळ्याची एक प्रत काढून ती दुसऱ्या गावी पाठवणारा माणूस त्या फोटोत नसतो. तो तिथे असला तर ब्लँकेट योग्य घरी पोहोचते. नसला तर एका घरी तीन जातात आणि पलीकडच्या घरी एकही जात नाही, आणि वाटणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

आमच्या औंढा तालुक्यातच गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा उभी राहते आहे. अंदाजे २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प. अब्जावधी वर्षांपूर्वी अवकाशात कुठेतरी झालेल्या टकरीचा सूक्ष्मातला सूक्ष्म हादरा ती मोजणार. मला त्याचा अभिमानच आहे. फक्त मनात येते की हादरा मोजण्याला आपण शास्त्र मानतो आणि हादऱ्यानंतर माणसे मोजण्याला कारकुनी.

त्या कारकुनीशी माझी खरी ओळख झाली ती १९९३ साली.

३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती पोहोचवून माणसे उशिरा झोपलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे खाली बसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. माणसे त्याखाली गेली. सरकारी हिशेबाने ७,९२८ मृत्यू. बावन्न गावे जुन्या जागेवर पुन्हा उभी करण्यासारखी राहिली नाहीत, ती दुसरीकडे वसवावी लागली.

मी तेव्हा तिशीतला अधिकारी होतो. बँकेने मला त्या भागात दोन महिन्यांसाठी मदतीला पाठवले. शाखा म्हणजे पत्र्याची शेड, दोन टेबले आणि एक लोखंडी पेटी. बाधितांची खाती उघडायची, मदतीचे चेक जमा करायचे, ओळख पटवून पैसे द्यायचे. संगणक नव्हता. मूळ शाखेत लेजरच्या नोंदी करणारे एएलपीएम नावाचे यंत्र आले होते, पण ते बहुतेक वेळ कव्हराखालीच असे. बँकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांमध्ये संगणकीकरणाचा करार झाला तो त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस. म्हणजे आमचा सगळा कारभार कार्बन कागदावर.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक म्हातारी आली. औसा तालुक्यातल्या एका गावची. तिचे नाव यादीत होते, आणि नावापुढे "मयत" होते. घरात माणसे पाच. चार गेली. ही आदल्या दिवशी लेकीच्या गावी गेली म्हणून राहिली. यादी करणाऱ्याने पहिल्या नावापुढे "मयत" लिहिले आणि खाली दोन टिंबांच्या खुणा करत गेला. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. एक खूण जास्त झाली. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याने त्या आठवड्यात किती नावांपुढे तो शब्द लिहिला असेल याचा अंदाज मला यादीच्या जाडीवरून येत होता.

मी म्हणालो, "आजी, तहसीलमधून दुरुस्ती आणा. त्याशिवाय मला पैसे देता येत नाहीत."

ती म्हणाली, "साहेब, म्या तुमच्याम्होरं उभी हाय की."

बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात ते असे की शंका असेल तर पैसे देऊ नका. मी नियमाला धरून होतो. दुरुस्तीचा कागद यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत ती कुठे जेवली हे मी तिला विचारले नाही. मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत बायकांची पात्रे पुष्कळ आली, पण हे न विचारलेले मला कुठे लिहिता आले नाही.

सांगायचा मुद्दा त्या नियमाचा आहे. बँकेचा सगळा डोलारा एका समजुतीवर उभा असतो. चुकीच्या माणसाला गेलेला रुपया परत येत नाही. योग्य माणसाला उशिरा गेलेला रुपया व्याजासकट देता येतो. म्हणून थांबणे हे तिथे शहाणपण ठरते. मदतकार्यात हे गणित बरोबर उलटे आहे. चुकीच्या घरी गेलेले ज्वारीचे पोते हे नुकसान खरे, पण ते सोसता येते. योग्य घरी अकरा दिवस उशिरा गेलेल्या पोत्यावर कुठले व्याज देणार? तिथला नियम असा हवा की शंका असेल तर आधी द्या, तपास मागून करा. न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा देतात. भुकेल्या माणसाला तो द्यायला आपण कचरतो.

आणि आज होते आहे असे की मदतसंस्थांचे संगणक चालवण्याच्या पद्धती बँकांकडून, विमा कंपन्यांकडून, दुकानदारीतून आल्या आहेत. त्या चांगल्या पद्धती आहेत. मी त्यांत वाढलो. पण त्यांच्याबरोबर तो पहिला नियमही न सांगता आत आला आहे. १९९३ साली म्हातारीला "नाही" म्हणायला मला तिच्या डोळ्यांकडे बघावे तरी लागले. आता पडद्यावर "तपशील जुळत नाही" एवढी अक्षरे उमटतात आणि समोर बसलेला मुलगा म्हणतो, "मावशी, मी काय करू, सिस्टीम घेत नाही."

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने जे केले ते ताजे आहे. अतिवृष्टीच्या सरकारी मदतीसाठी गावोगाव याद्या लागतात, नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन केंद्रावर जायचे आणि अंगठा लावून ई-केवायसी करायची, अशी रीत गेल्या काही वर्षांत पडली आहे. आमच्याकडे हळदीचे पीक मोठे. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, घासायची, ही कामे वर्षानुवर्षे केलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांचेही तेच. यंत्राला अंगठा वाचता येत नाही. ज्याने जास्त राबले त्याचा अंगठा आधी झिजतो, आणि यंत्राला संशय त्याचाच आधी येतो. ही सरकारी मदतीची गोष्ट झाली, पण खासगी संस्थाही आता हीच वाट चालू लागल्या आहेत, कारण ती स्वच्छ दिसते आणि देणगीदाराला दाखवता येते.

नावांचे दुखणे निराळेच. बाईचे माहेरचे नाव रेशनकार्डावर, सासरचे आधारवर, आणि गावात तिला तिसऱ्याच नावाने हाक. देवनागरीत लिहिलेले "कोंडाबाई" इंग्रजी अक्षरांत उतरवताना एकाने एक "ए" घातला, दुसऱ्याने दोन, की संगणकाच्या दृष्टीने त्या दोन बाया झाल्या. शिवाय मराठीत टंकलेल्या जुन्या याद्या ज्या फाँटांत केल्या, ते फाँट नव्या यंत्रावर नसले की नावांच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी उमटते. हे सगळे समजणारा, गावातल्या हाका ठाऊक असलेला आणि संगणकाचीही भाषा येणारा माणूस मदतसंस्थेला लागतो. असा माणूस बाजारात तयार मिळत नाही, तो घडवावा लागतो.

किल्लारीनंतर हे काही प्रमाणात कळले होते असे आज वाटते. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. स्थलांतरित गावांत घर किती मोठे मिळणार हे जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. म्हणजे सातबाऱ्याचा उतारा हाच घराचा नकाशा. ज्या भावांच्या चुली वेगळ्या पण सातबारा एक, त्यांनी काय करायचे? अशा प्रश्नांनी गावे पेटली. दुरुस्त करून मजबूत करायची घरे तर तेरा जिल्ह्यांत पसरलेली होती, आणि कुणाला किती हप्ता, केव्हा, कशासाठी, हे घरोघर समजावून सांगणे सरकारी यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे होते.

तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना "संवाद सहायक" नेमण्यात आले. योजना समजून घ्यायची, घरोघर सांगायची, ज्याचे अडले त्याचे अडलेले वर कळवायचे. त्या बायकांपुढे संगणक नव्हता, पण आज मोठ्या संस्थांत ज्याला माहितीसेवा विभाग म्हणतात त्याचे अर्धे काम त्या करत होत्या, आणि माझ्या मते अवघड अर्धे. यादीतली चूक कचेरीत बसून दिसत नाही. ती पारावर दिसते, हापशावर दिसते.

त्याच सुमाराला भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. शिरड शहापूरला मल्लिनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंकडून मी हे अनेकदा अभिमानाने ऐकले आहे. अभिमान रास्तच. माझ्यातल्या बँकवाल्याला मात्र त्यामागची वहीच दिसते. बाराशे मुले म्हणजे बाराशे खाती, आणि तीही वर्षानुवर्षे चालू ठेवायची. कुणाचा काका कुठे, कुणाचे शेत कुणाच्या ताब्यात, सुटीत कुणाला कुणाच्या घरी पाठवायचे. ब्लँकेट वाटून झाले की काम संपते. अशी वही मूल मोठे होईपर्यंत उघडी राहते.

या कामाला मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात एक कादंबरीकारही आहे म्हणून मला तिचे विशेष. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा रेड क्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांची माहिती ठेवणारे कार्यालय उघडले. सैनिक पकडला गेला, जखमी झाला, मेला की नुसता हरवला, हे त्याच्या घरी कळवायचे. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे सत्तर लाख कार्डे झाली. शेकडो स्वयंसेवक राबत होते, आणि त्यांत रोमाँ रोलाँ होता. आपण त्याला गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांचा चरित्रकार म्हणून ओळखतो. १९१५ चे साहित्याचे नोबेल ज्याला मिळाले तो माणूस युद्धाच्या पहिल्या वर्षात तिथे बसून हरवलेल्या नागरिकांबद्दल आलेली पत्रे वाचत होता आणि उत्तरे लिहीत होता. मी त्याच्या कादंबरीइतकाच त्याच्या त्या टेबलाचा आदर करतो. ती कार्डे आज युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदीत आहेत.

नव्वद वर्षांनी आपल्या शेजारी श्रीलंकेत तेच घडले, साधन तेवढे बदलले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर कोलंबोतल्या संगणकतज्ज्ञांनी काही आठवड्यांत एक प्रणाली उभी केली. बेपत्ता माणसे कोण, कोणत्या छावणीत किती जण, कुठली संस्था कुठे काय देते आहे आणि कुठे कोणीच पोहोचलेले नाही, याचा माग ठेवणारी. तिचे नाव "सहाना". सिंहली भाषेत त्याचा अर्थ दिलासा. ती कुणालाही फुकट वापरता येईल अशी ठेवली, आणि पुढे पाकिस्तानातल्या २००५ च्या भूकंपात ती उपयोगी पडली. घाईत, दुःखात, स्वतःच्याच देशात बुडालेल्या माणसांसाठी केलेले काम होते ते.

पण यादी एकदा झाली की ती राखावी लागते. बँकेत आम्ही लेजर रोज रात्री स्ट्राँगरूममध्ये ठेवत होतो. चोराला त्यात काय मिळणार, असे नवीन लागलेली मुले विचारायची. चोराला पैसे लागतात हे खरे, पण पैसे कुणाकडे आहेत आणि कोण एकटे राहते हे लेजरात असते.

जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या लक्षात आले की त्यांच्या संगणकांत कोणीतरी शिरले आहे. पाच लाख पंधरा हजारांहून अधिक माणसांची माहिती उघडी पडली होती. युद्धात, आपत्तीत ताटातूट झालेली माणसे, बेपत्ता झालेले, तुरुंगांतले कैदी. किमान साठ देशांतल्या रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंट संस्थांनी गोळा केलेली. घुसखोर आत आले होते ९ नोव्हेंबर २०२१ ला, सापडले सत्तर दिवसांनी. कारण काय, तर वापरातल्या एका सॉफ्टवेअरमधले भोक बुजवण्याची दुरुस्ती मिळत होती, ती वेळेवर बसवली गेली नव्हती. दाराला कडी आणून ठेवली होती, लावायची राहिली. एवढ्या मोठ्या, दीडशे वर्षे जुन्या संस्थेत. त्यांनी हे लपवले नाही, स्वतःहून जगाला सांगितले, याचे मला कौतुक वाटते. बँकांना एवढा मोकळेपणा जमत नाही.

यादी चोरीलाच जावी लागते असेही नाही. म्यानमारमधून पळून बांगलादेशात आलेल्या रोहिंग्यांची नोंदणी झाली आणि त्यांची माहिती ज्या राजवटीच्या भयाने ते पळाले तिच्याच हाती, परत पाठवण्याच्या कामासाठी म्हणून, देण्यात आली, असे ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ साली म्हटले. लोकांची संमती घेतली होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाचे म्हणणे. खरेखोटे काहीही असो, धान्याचे कार्ड मिळावे म्हणून अंगठा देणाऱ्या माणसाची संमती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच. आमची म्हातारी तेव्हा कशावरही अंगठा द्यायला तयार होती.

आता हे सारे जिनिव्हातून आपल्या तालुक्यात आणतो. निवृत्तीनंतर मराठवाड्यातल्या एका छोट्या सेवाभावी संस्थेचे हिशेब पाहायला मी महिन्यातून एकदा जात असे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींसाठी ती शिलाई, शेळ्या, मुलांच्या फिया असे काम करते. माणसे सोन्यासारखी. त्यांच्याकडे कुणीतरी देणगी दिलेला एक लॅपटॉप होता, त्यात शे-दोनशे बायकांची यादी. नाव, गाव, फोन, नवऱ्याचे कर्ज किती, बँक खाते. पासवर्ड लॅपटॉपच्या पाठीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. ज्या मुलाने ती यादी बांधली तो पुण्याला नोकरीला गेला. त्याच्या मोबाइलवरही यादी होतीच, शिवाय व्हॉट्सॲपच्या दोन ग्रुपवर. काही महिन्यांनी त्या बायकांना फोन येऊ लागले. कर्ज हवे आहे का, विमा काढायचा का. एकीला तर फोनवरचा माणूस नवऱ्याच्या नावानेच बोलला. ती दोन दिवस घराबाहेर पडली नाही.

मी संस्थेच्या कार्यकर्त्यांना म्हणालो की यादी सांभाळायला पगारी माणूस ठेवा. त्यांनी मला जमाखर्चाचे पान उघडून दाखवले, आणि माझी बोलती बंद झाली, कारण ते पान मीच तपासले होते. शेळ्यांना पैसे होते, शिलाई यंत्रांना होते. माणसाला नव्हते. देणगीदार म्हणतात, आमचा रुपया थेट गरिबाच्या हातात जाऊ दे, कचेरीत नको. मीही देणगी देताना हाच प्रश्न विचारत आलो आहे, कार्यालयीन खर्च किती टक्के? कमी सांगितला की बरे वाटायचे.

परदेशी मदत घेणाऱ्या संस्थांना तर कायद्यानेच बांधले आहे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. यामागे कारणे आहेत, मदतीच्या पैशावर मोटारी उडवणाऱ्या संस्था मीही पाहिल्या आहेत. पण नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार हा प्रशासकीय खर्च धरायचा नाही असे उदाहरण देऊन म्हटले आहे, कारण ते थेट सेवेचे काम. ते योग्यच. बेपत्ता मुलाचा माग ठेवणारा, छावणीतल्या कुटुंबांची नोंद चोख ठेवणारा माणूस मात्र त्या उदाहरणांत नाही. तो आपला भाडे, फोन, वीजबिल यांच्या ओळीत जाऊन बसतो. माझे म्हणणे आहे की त्याची जागा डॉक्टरच्या ओळीत आहे. औषध चुकीच्या रुग्णाला गेले तर आपण त्याला कारकुनी चूक म्हणत नाही.

हे अगदी खर्चिक आहे अशातलाही भाग नाही. छोट्या संस्थांनी मोठ्या यंत्रांच्या मागे लागू नये असेच मी सांगेन. बँकेत साध्या हातांनी आम्ही जे करत होतो त्यातले पुष्कळ पुरते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची. चूक खोडायची नाही. एक रेघ मारून वर दुरुस्ती आणि शेजारी आद्याक्षरे, म्हणजे कोणी बदलले ते कळते. रात्री एक प्रत दुसऱ्या इमारतीत. नोकरी सोडणाऱ्याकडून किल्ल्या परत घेतल्याशिवाय निरोपाचा नारळ द्यायचा नाही. आज किल्ली म्हणजे पासवर्ड. काम संपलेली खाती बंद करायची. मदतसंस्थांना हे शेवटचे सर्वांत जड जाते, जुनी यादी पुसून टाकायला त्यांचा जीव होत नाही. उपयोगी पडेल म्हणतात. ती दुसऱ्याच कुणाला तरी उपयोगी पडते. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने केला आहे. त्याची कलमे गावातल्या संस्थेला समजतील अशा मराठीत कुणी सांगितली तर बरे होईल.

आणि बँकेचा तो पहिला नियम तेवढा दाराबाहेर ठेवायचा. नाव जुळले नाही, अंगठा उमटला नाही, फोन दुसऱ्याच्याच नावावर निघाला, तर त्या दिवसाचे धान्य द्यायचे आणि यादीत खूण करून ठेवायची. खूण तपासायला संवाद सहायकांसारखी गावातलीच बाई पाठवायची. फसवणारे फसवतील. चौतीस वर्षांत मला फसवणारे भेटले ते बहुतेक कागदपत्र चोख असलेले होते.

त्या तरुणाला मी पुढे एकदा चहावर गाठले. तो हुशार आहे, हिंगोलीला संगणकाचे दुकान चालवतो, गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देतो. त्याला विचारले की उद्या खरेच काही झाले, वीज गेली, टॉवर पडला, तर तुझ्या बटणाचे काय? तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, "काका, एक वही करायला लागंल." मग आम्ही दोघे हिशेब करत बसलो की गल्ली किती, घरे किती, कुणाकडे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोण ऊसतोडीला बाहेर असते आणि कोणत्या महिन्यात. वही कोणाच्या घरी ठेवायची यावर मात्र एकमत झाले नाही. सरपंचाच्या नको, असे तो म्हणाला. माझ्याही नको, असे मी म्हणालो. ते अजून ठरायचे आहे.

किल्लारीच्या त्या म्हातारीचा कागद अकराव्या दिवशी आला. तहसीलदाराची सही, गोल शिक्का. मी यादीतल्या "मयत" च्या खुणेवर रेघ मारली, वर "हयात" लिहिले, शेजारी सही केली, आणि पैसे मोजून तिच्यापुढे ठेवले. तिने पैशाला हात लावला नाही. म्हणाली, "साहेब, काय लिवलं ते वाचून दावा." मी वाचले. ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा." शेडमध्ये रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी पुन्हा वाचले. मग तिने पैसे पदराला बांधले.